तेवीस सप्टेंबरची सावली

फाटकातून आत येताच पंचशीलाला आधी दिसलं ते छप्पर.

शाळेच्या पटांगणात तिचे वडील जालिंदर सर एकतीस वर्षं जिथं काठी रोवून सावली मोजत आले, नेमक्या त्याच जागी सिमेंटचा ओटा झाला होता. ओट्यात स्टीलचा चकचकीत खांब, खांबाला ‘कै. जालिंदर सर सावली स्तंभ’ अशी पाटी, आणि पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून त्या सगळ्यावर निळ्या पत्र्याचं पक्कं शेड. सर जूनमध्ये गेले. तीन महिन्यांत एवढं काम उरकलं होतं.

पाटीवरचा ‘कै.’ तिनं दोनदा वाचला. बौद्ध झालेल्या घरातला माणूस, आयुष्यभर ‘कालकथित’ लिहीत आला, आणि मेल्यावर ह्यांनी त्याला कैलासात नेऊन बसवलं.

“सर, ह्या खांबाची सावली पडणार कुठं?” तिनं मुख्याध्यापकांना विचारलं.

सोमेश्वर सर तोंडभर हसले. “ताई, अध्यक्षांना बीपी हाय. उन्हात उभं करायचं का त्यांना?”

तिच्या पिशवीत वडिलांची एक मीटरची बोरीची काठी होती आणि एक जुनी वही. वहीत दर वर्षाला दोन ओळी. दिवस आणि रात्र सारखी होतात ती तारीख कधी बावीस असते, कधी तेवीस. पण सर मोजायचे ते तेवीसलाच. दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांनी इथं सूर्य सगळ्यात उंच येतो, तेव्हा मीटरभर काठीची सावली चौतीस सेंटिमीटर भरते. त्या चौतीसावरून आपलं गाव विषुववृत्तापासून किती वर आहे ते पोरांना काढता यायचं. ही पहिली ओळ. दुसरी ओळ एकतीस वर्षं तीच होती: ‘१९१७, बडोदा.’ परदेशात शिकून आलेल्या तरुण बाबासाहेबांना जातीपायी राहत्या जागेतून बाहेर काढलं, ते एका बागेत झाडाखाली बसून रडले आणि तिथंच त्यांनी संकल्प केला, तो हाच दिवस. सर पोरांना दोन्ही सांगायचे. आधी सावली, मग झाड.

बत्तिसावी नोंद तिला आज करायची होती. तेवढ्यासाठीच ती लातूरहून आली होती.

“तुमी दोन शब्द बोला,” सोमेश्वर सर आवाज खाली आणून म्हणाले, “पण ते सूर्याचंच बोला. ते दुसरं नको. सगळ्या समाजाची लेकरं हायेत. कावून वाद?”

तिच्या तोंडाला आंबूस पाणी सुटलं. शिळं खाल्ल्यावर सुटतं तसं. पण लोक बघत होते. ती खुर्चीवर जाऊन बसली.

कार्यक्रम अकराचा. संस्थेचे अध्यक्ष मोहनराव आले बाराला. आल्याबरोबर हार, मग हाराचे फोटो, मग हार नीट दिसला नाही म्हणून पुन्हा फोटो. बाहेर लख्ख ऊन होतं. शाळेत झाडलोट करणाऱ्या छबुबाई शेडच्या कडेला उभ्या होत्या. एकतीस वर्षं सरांची काठी सरळ धरायचं काम त्यांचं. त्यांनी मनगटावर बोट आपटून खूण केली. पंचशीला अर्धवट उठली.

“बसा, बसा, सत्कार हाय तुमचा!” मोहनरावांनी माईकवरूनच दटावलं. ती बसली. “जालिंदर सर म्हंजे लई जिद्दी माणूस. मी म्हणलतो त्यांना, सर, दरसाल चौतीसच येती तर मोजता कावून? घरी बसून लिहा की! तर म्हणले, दिसली न्हाई तर लिहायची न्हाई, येवढंच तर शिकवतोय मी.” मोहनराव स्वतःच हसले, मग सगळं शेड हसलं. “असा भोळा माणूस!”

तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

“आता सावली मोजायची,” सोमेश्वर सर म्हणाले आणि खांबाकडं बघतच राहिले. सावली नव्हती.

“पाडा की मग!” मोहनराव फोटोग्राफरवर खेकसले. त्यानं कॅमेऱ्याचा दिवा खांबावर धरला. फरशीवर जाडजूड सावली लोळली. सोमेश्वर सरांनी खडूनं खूण केली, टेप लावली आणि माईकवर सांगितलं, “एक मीटर वीस!” टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या पोरांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला.

पंचशीला उठली. ह्या खेपेला कुणाकडं न बघता उठली. छबुबाई पुढं धावल्याच. मैदानाच्या कडेला, मोकळ्या काळ्या मातीत काठी रोवली, छबुबाईंनी दोन्ही हातांनी सरळ धरली. बारा अठरा, मिनिटभर उशीरच. पंचशीला टेप घेऊन खाली बसली, आणि मातीवरचं ऊन कुणी पुसून घ्यावं तसं गेलं. मोठा, मंद ढग होता. वीस झाले, पंचवीस झाले. ढग हलला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

त्या माणसांची किळस तिला सकाळपासून येत होती. आता स्वतःची आली. तासभर ऊन होतं, आणि एका शालीसाठी ती बसून राहिली होती.

सोमेश्वर सर मागून आले. “ताई, चौतीस लिहा ना. तेवढीच असती. कोण विचारतंय?”

तिनं वही मांडीवर घेतली. मागच्या पानांवर नऊ वेळा वडिलांच्या अक्षरात तेच होतं: ‘ढग. दिसली नाही.’ तिनं लिहिलं, ‘ढग. दिसली नाही. आधी ऊन होतं, मी उशिरा उठले.’ खालच्या ओळीत ‘१९१७, बडोदा’ लिहिलं, आणि ते सोमेश्वर सरांना दिसेल अशी वही जरा वेळ उघडीच ठेवली. ते दुसरीकडं बघायला लागले.

“बाई, उंद्याला ऊन पडंल की,” छबुबाई काठीची माती पुसत म्हणाल्या.

“उद्या चोवीस तारीख, मावशी.”

काठी पिशवीत घालून ती परत शेडमध्ये गेली. आत भजी वाटत होते. खांद्यावरची शाल काढून तिनं त्या चकचकीत खांबाला अडकवली, खाली नारळ ठेवला. सावली नाही तर नाही, खुंटी म्हणून तरी तो कामाला यावा.