साथीच्या ओळी उजवीकडे

लीलाआत्याच्या फोनवर पुस्तक उघडलं, पण पान काळंकुट्ट. आत्यानं फोन डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून पाहिला आणि शेवटी भाचीकडे वळली.

"प्रतीक्षा, तुज्या बापानं हितं काय लिवलंच न्हाई व्हय?"

मोतीबिंदू काढल्यापासून आत्याला पांढरा उजेड सोसत नसे, म्हणून तिच्या फोनचा पडदा कायम काळा ठेवलेला. बाबांनी टाइप केलेल्या गाण्यांच्या फाइलमध्ये मात्र प्रत्येक ओळीला अक्षर काळंच राहील असा हुकूम चिकटलेला होता. पान काळं झालं, अक्षरंही काळीच राहिली. गाणी होती तिथंच होती, फक्त दिसत नव्हती.

लोणावळ्याच्या घरी बसून पुण्यातल्या एका प्रकाशकासाठी ई-पुस्तकं तयार करणं हेच प्रतीक्षाचं काम. परक्यांच्या फायलींतला असला कचरा ती चहा पिता पिता काढून टाकायची. पण ही फाइल वडिलांची, सीतारामची होती. सीताराम गेल्यापासून ती उघडायलाच तिनं कित्येक महिने घेतले होते, आणि उघडली तेव्हा आत हात न घालता तशीच ई-पुस्तकाच्या प्रोग्राममधून काढून सगळ्यांना पाठवून दिली होती. बाबांची ओळ आपल्या हातून हलू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

कान्हे गावच्या विहारात वर्षाचं पुण्यानुमोदन, म्हणजे सीतारामच्या स्मरणाचा विधी, रविवारी होतं. त्या दिवशी त्याची गाणी त्याच्याच गायन पार्टीनं म्हणायची असं ठरलं होतं. पार्टीतली माणसं आता विखुरलेली, कुणी परंदवडीला, कुणी पवनानगरला. गाणी कुणालाच पुरती पाठ नव्हती, कारण पुढं गाणारा सीताराम असताना पाठ करायची गरजच पडली नव्हती. पुस्तक छापू या म्हटलं की तो म्हणायचा, छापलेलं कपाटात जातं, फोन हातात असतो. म्हणून हे फोनवरचं पुस्तक. ते नीट वाचता आलं नाही, तर रविवारी विहारात फोटो असेल, हार असेल, आणि गाणं नसेल.

घरी येऊन प्रतीक्षानं मन घट्ट केलं आणि फाइल कामावरच्यासारखी साफ केली. ओळीओळीला चिकटलेले रंग काढले, अक्षरांचे ठरावीक आकार काढले. जागोजागी ढीगभर रिकाम्या जागा होत्या, त्याही झाडून टाकल्या. रिटायर झाल्यावर टायपिंग तिनंच बाबांना शिकवलं होतं. ओळ सरकवायला वेगळं बटण असतं हे दहादा सांगितलं. ते मान डोलवायचे आणि पुन्हा स्पेसबार ठोकत बसायचे. झिजेल हो तो, असं ती म्हणायची. आता ती सगळी ठोकाठोक एका झटक्यात निघाली.

नवी प्रत मात्र झकास झाली. काळ्या पानावर पांढरी अक्षरं उमटली, हवी तेवढी मोठी होऊ लागली. आत्यानं फोन करून कळवलं की आता पाटीवर लिहिल्यागत दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंबाजीकाकांकडे गेली. काका म्हणजे बाबांच्या पार्टीतली साथ, बाबांच्या ओळीला मागून जोड देणारे. बाबा पुढं, काका त्यांच्या उजव्या खांद्यामागं, अशी त्यांची उभं राहण्याची जागा ठरलेली. ओसरीवर बसून काकांनी फोन मांडीवर ठेवला, गळा साफ केला आणि शाळेचं गाणं काढलं. प्रतीक्षा पहिलीत गेली त्या वर्षी बाबांनी रचलेलं. पहिली ओळ म्हणून काका थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

प्रतीक्षानं विचारलं, अक्षर लहान पडतंय का?

"अक्षर झ्याक हाय," काका म्हणाले. "पर मला शिरायला जागाच न्हाई ह्यात. समद्या वळी एका रांगेत. तुज्या बापाची कुटली न् माजी कुटली, कसं कळायचं?"

सोबत आणलेला लॅपटॉप उघडून तिनं बाबांची मूळ फाइल काढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पाहायची म्हणून पाहिली. डावीकडे कडेला एक ओळ. तिच्याखालची ओळ ढकलत ढकलत उजवीकडे नेलेली. प्रत्येक गाणं तसंच. बाबांनी पार्टी उभी राहते तशीच्या तशी पानावर उभी केली होती. स्वतः डावीकडे, काका उजवीकडे. तिनं साफसफाईत झाडून टाकली ती काकांचीच जागा.

"आणि ह्या मधल्या?" काही ओळी ना इकडे ना तिकडे, पानाच्या मधोमध होत्या.

काकांनी डोळे बारीक केले, मग हसले. "त्या आमच्या न्हाईत. तितं पार्टी गप. समोर बसल्याली माणसं म्हणत्यात."

पुढचं काम तिनं ओसरीवरच केलं. पुन्हा रिकाम्या जागा भरून भागणार नव्हतं. बाबांच्या मोठ्या स्क्रीनवर त्या शोभायच्या, फोन मात्र त्या गिळून टाकतो. म्हणून तिनं तीन प्रकारच्या ओळी ठरवल्या, पुढच्याची, साथीची आणि सगळ्यांची, आणि प्रत्येकीला आपापली जागा नेमून दिली. ते अंतरही तिनं पानाच्या रुंदीवर बेतलं, म्हणजे आत्यानं अक्षर कितीही वाढवलं तरी साथ कडेबाहेर जाणार नाही. प्रत्येक ओळ कुणाची ते मूळ फाइलमध्ये बघायचं आणि तिला खूण करायची. गाण्यामागून गाणं. काकूंनी आणलेला चहा निवून गेला.

झाल्यावर तिनं काकांच्या फोनवर प्रत पाठवली. काकांनी ती पाहिली आणि फोनच तिच्या हातात दिला.

"पुढचं कोन म्हननार?"

ती म्हणाली, तुम्हीच म्हणा की, तुम्हाला चाल येते.

"साथवाल्याला पुढं व्हता येत न्हाई, बाय. जलम गेला मागं उभं ऱ्हाऊन. तू म्हन. चाल मी सावरतो."

तिला गाता येत नाही असं ती सांगणार होती. पण ओळी जागेवर बसल्या की नाही हे म्हणून पाहिल्याशिवाय कळणारही नव्हतं. निव्वळ तपासायचं म्हणून, हलक्या आवाजात, तिनं डावीकडची ओळ घेतली.

"कोण उभं गं शाळेच्या दारी?"

"लेक उभी, लेक उभी," काकांनी उजवीकडून उचललं, कुठं न अडखळता.

मधली ओळ आली तेव्हा दोघंही गप्प राहिले. घरातून काकूंनी ती म्हटली.

रविवारी विहार भरला, नवी प्रत सगळ्यांच्या फोनवर पोचलेली. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, आणि पार्टी फोन घेऊन उभी राहिली. पुढची जागा रिकामी होती. प्रतीक्षा तिथं जाऊन उभी राहिली. तिचा आवाज पहिल्या ओळीत कापला, पण उजव्या खांद्यामागून काकांची साथ आली आणि पुढच्या ओळीला तो सावरला. मग पार्टी गप्प झाली. समोर बसलेल्या सगळ्या माणसांनी फोनमध्ये पाहत एका आवाजात म्हटलं,

"आत ये, आत ये, बाई."

लीलाआत्याच्या फोनवर अक्षरं एवढी मोठी होती की दर दोन ओळींना तिला पान उलटावं लागे. प्रतीक्षानं तिला पान उलटताना पाहिलं आणि पुढची ओळ धरून ठेवली. सगळे थांबल्यावर, मागच्या भिंतीजवळून, आत्याचा एकटीचा आवाज आला.

"आत ये, आत ये, बाई."

मग प्रतीक्षानं पुढची ओळ घेतली.