कुलपाआडचा प्रिंटर

मी सुप्यातल्या एका घरचा प्रिंटर. स्वतःचं असं मला काही बोलता येत नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं कागदावर उतरवायचं, एवढंच माझं काम. पण त्याच घरात माझ्या डोळ्यांदेखत काहीतरी घडत होतं, सगळ्यांना त्याचा त्रास होत होता, आणि कारण ठाऊक असलेला मी एकटाच तोंडाला कुलूप लावल्यासारखा बसून होतो. ते आज ऐका.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतो तो खोका, आणि कानाशी करकरणारं थर्माकोल. पुण्याच्या दुकानातून सम्राटनं मला उचललं ते साल अठ्ठ्याण्णव. सम्राट सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. त्याची बायको जयमाला बी.ए. झालेली, शिवाय कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. कॉम्प्युटर घरात आधीच होता, माझीच उणीव होती.

मला जोडायला नगरहून मच्छिंद्र नावाचा मेकॅनिक आला. एक जाड वायर त्यानं माझ्या पाठीत खोचली, तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरच्या मागं लावलं आणि त्या टोकाचे दोन्ही स्क्रू बोटांनी आवळले. सम्राटची आई, विमलबाई, दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"ह्या वायरीतनं काय जातं रं?" तिनं विचारलं.

"अक्षरं जातात, आजी. ही वायर ढिली झाली, की हा मुका झाला बघा."

"आगं बया!" म्हणून ती हसली.

घरात माझ्यावर सगळ्यात जास्त माया तिचीच. रोज सकाळी पदरानं माझ्यावरची धूळ पुसायची. कागद सरसरत बाहेर आला, की "निघालं, निघालं" करत तान्ह्या पोराला झेलावं तसा दोन्ही हातांत घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं. पण ओल्या शाईला बोट लागू द्यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

जयमाला एक पुस्तिका लिहीत होती. इंग्रजी न येणाऱ्या बायकांना कॉम्प्युटर शिकता यावा, म्हणून मराठीतले साधे धडे. नगरच्या एका क्लासच्या सरांनी तिला सांगितलं होतं, "धडे छापून आणा. पसंत पडले तर शिकवायला तुम्हीच या." त्या दिवशी ती घरी आली तेव्हा बोलताना तिचा श्वास पुरत नव्हता.

मग ती आठवड्यातून काही दिवस नगरला जायला लागली. क्लास बघायचा, शिकवायची पद्धत बघायची. सम्राटची दिवसपाळी. म्हणजे घरात विमलबाई एकटी.

आता एक गोष्ट सांगायला हवी. विमलबाईचा जन्म गेला पारनेरच्या पलीकडच्या एका खेड्यात. नवरा वारल्यावर सम्राटनं तिला इथं आणलं. ही वसाहत म्हणजे एका साच्यातून काढलेली घरं. तेच दार, तीच खिडकी, तोच पिवळा रंग. आल्यावर थोड्याच दिवसांत ती कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेली आणि परतताना घर चुकली. दुपारभर उन्हात फिरली. सम्राटला सापडली तेव्हा परक्या ओट्यावर बसली होती, हातातली जुडी पार कोमेजून गेलेली. सम्राटनं धसका घेतला. तेव्हापासून घरात दुसरं कुणी नसलं, की दाराला बाहेरून कुलूप.

जयमालेला ते आवडत नव्हतं. पण सकाळच्या गाडीची घाई असायची, सम्राटचा शब्द असायचा, आणि कुलूप तीच लावायची. किल्ली फिरल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू यायचा.

मग सुरू व्हायची दुपार. पुणे-नगर रस्त्यावरचे ट्रक लांबून घुमायचे, लाइट असली तर पंखा फिरायचा, गेली तर तोही थांबायचा. विमलबाई खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची. समोर दुसऱ्या घराची पाठभिंत. भिंतीकडं किती वेळ बघणार? मग माझ्याजवळ येऊन बसायची.

"तू बी कोंडल्याला, मी बी कोंडल्याली," एकदा म्हणाली. "गावाकडं कधी दाराला कडी न्हाई घातली मी. आन हितं बग."

मी काय उत्तर देणार? माझा एक हिरवा दिवा. तोसुद्धा बटण दाबलं तर लागणारा.

एक दिवस बसल्या बसल्या तिचा हात कॉम्प्युटरच्या मागं गेला. बोटांनी चाचपून तिनं एक स्क्रू सोडवला. दुसरा सोडवला. वायर अर्धवट उपसून तशीच ठेवली. बघणाऱ्याला ती जोडलेलीच दिसावी. मग माझ्यावरचं झाकण सारखं केलं आणि जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. झोपली कसली, जागीच होती.

संध्याकाळी जयमाला छापायला बसली. पडद्यावर आलं, प्रिंटर सापडत नाही.

"समोर तर बसलाय!" ती वैतागली.

तिनं मला बंद केलं, चालू केलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. सीडी घालून सगळं पुन्हा बसवलं. सम्राटनं माझ्या डोक्यावर दोन थापटा मारल्या. मग मला वर्तमानपत्रात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन जयमाला नगरला मच्छिंद्रच्या दुकानात गेली. तिथल्या कॉम्प्युटरला, तिथल्या वायरीनं जोडल्यावर मी धडाधड पानं काढली.

"ठणठणीत आहे वहिनी," मच्छिंद्र म्हणाला.

घरी आणून नव्यानं जोडलं, टेबल भिंतीला सरकवताना कॉम्प्युटरमागची वायर आपसूक आत दाबली गेली आणि दोन दिवस चाललो. मग पुन्हा कुलूप, पुन्हा दुपार, पुन्हा तोच हात. आणि पुन्हा मी सापडेना.

"डबा निघाला डबा," सम्राट म्हणाला. "विकून टाकू."

ज्या हातानं सकाळी मला पुसायचं, त्याच हातानं दुपारी माझी वाचा काढून घ्यायची. मला तिचा राग येत नव्हता. पण जयमालेचे डोळे भरून आलेले बघवत नव्हते. सोमवारी सरांना धडे द्यायचे होते, आणि दुसरी एक बाई त्याच जागेसाठी येऊन गेली होती. मला ओरडावंसं वाटायचं. ओरडायला तोंड कुठं होतं?

शनिवारी जयमालेनं टेबलच भिंतीपासून ओढलं आणि मागं हात घातला. वायर डुगडुगली. "अगं बाई, एवढंच होय!" ती हसली. "ट्रकांच्या हादऱ्यानं निघत असणार." दोन्ही स्क्रू तिनं नखं दुखेपर्यंत आवळले आणि लाइट गेली म्हणून काम उद्यावर ठेवलं.

रविवारी नवरा-बायको एका लग्नाला जाऊन आले. विमलबाई घरी. कुलूप होतंच. आल्याबरोबर सम्राट बाजारात गेला आणि जयमाला छापायला बसली. प्रिंटर सापडत नाही. तिनं मागं हात घातला. दोन्ही स्क्रू मोकळे. हादऱ्यानं एखादा ढिला होईल; इतके आवळलेले दोन्ही एका दिवसात सुटत नसतात.

ती हळूच सरळ झाली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"आत्या, वायर तुम्ही काढता?"

विमलबाई भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"व्हय."

"का पण? मी काय वाईट केलं तुमचं?"

"तू न्हाई गं." तिनं पिठाचे हात परातीत टेकले. "तुजं काम झालं की तू रोज जानार. रोज कुलूप. जया, मी चोर हाय का? वासराला बी दावं लांब सोडत्यात. माजा जीव घुसमटतो आत. तुला 'जाऊ नगं' म्हनायला तोंड न्हाई माजं, तू शिकलीस, तू जावंच. म्हनून त्या गरिबाचं तोंड बंद केलं."

जयमाला तिथंच जमिनीवर बसली. "कुलूप तर मीच लावत होते," ती हळूच म्हणाली. "आवाज यायचा का तुम्हाला किल्लीचा?"

"येत न्हाई व्हय?"

पिठाचे हात धुऊन विमलबाई आली. वायर तिनंच नीट बसवली, स्क्रू तिनंच आवळले. माझा दिवा लुकलुकला, आणि माझ्या पोटातून पहिलं पान सरकलं. जयमाला पानं लावत गेली, सासू ती झेलत गेली.

सम्राट परत आला तेव्हा धड्यांची चळत टेबलावर होती. जयमालेनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "उद्यापासून कुलूप लावायचं नाही."

"आणि आई पुन्हा चुकली तर?" तो आईकडं वळला. "आई, चुकलीस तर काय करशील?"

"चुकले तर इचारीन," विमलबाई म्हणाली. "तोंड हाय मला."

 दुसऱ्या दिवशी सम्राट लाल रंगाचा डबा घेऊन आला आणि त्यानं आपलं दार रंगवलं. सगळ्या वसाहतीत लाल दार एकच.

जयमालेला काम मिळालं. विमलबाई शेजारच्या रंगुबाईबरोबर जवळच्या बुद्धविहारात जायला लागली, मग एकटीही. एकदा तर न सांगता एस.टी.नं गावी जाऊन आली. सम्राट घाबराघुबरा होऊन स्टँडवर धावला, तर ही समोरून येत होती, ओच्यात हरभऱ्याचा डहाळा घेऊन.

माझं म्हणाल तर आता फारसं काम नाही. क्लासात मोठा प्रिंटर आहे, जयमाला तिथंच छापते. माझी शाई नळ्यांत वाळली, पाठीतली वायर कुणीतरी दुसऱ्या कामाला नेली. दुपारी घरात मी एकटाच असतो. जाता येत नाही, हाक मारता येत नाही. यंत्राच्या जन्माला आलो, चालायचंच.

पण तुमच्या घरात कुणी असं खिडकीचे गज धरून उभं असेल, तर त्याला यंत्रासारखं ठेवू नका. एवढंच मागणं आहे. ऊन कलायला लागलंय. विमलबाई अजून आलेली नाही, आणि आज ती चुकेल अशी काळजी कुणालाच वाटत नाही.