बोदा आवाज

सोनमने संगणकाच्या पडद्यावर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबले.

"मॅडम, मग दिसणार कसं?" सुप्रियाने विचारलं.

"दिसायचंच नाही. ऐकायचंय."

वर्गात अकरा जण होते. बारामतीतल्या त्या संस्थेत ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम सुरू होऊन दोन महिने झाले होते. मुलं पडद्यावरची रेघ कुठे उंचावली ते बघत आणि कंपनांचा, म्हणजे हर्ट्झचा, आकडा सांगत. पडदा बंद केला की निम्मी उत्तरं चुकत. कान डोळ्यांच्या मागून चालत होते.

म्हणून सोनमने स्वतःच एक सराव बांधला होता. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. कान दमला की खोटं बोलतो. आवाज ओळखीचाच घ्यायचा: उसाच्या ट्रॅक्टरचा, पिठाच्या गिरणीचा, सभेत बोलणाऱ्या माणसाचा. त्यातला जाड-बारीक सुरांचा एखादाच पट्टा मुद्दाम फुगवायचा. आधी एवढंच सांगायचं, की बदललं की नाही. मग कसं बदललं ते आपल्या शब्दात. आकडा सर्वांत शेवटी.

शब्द तिला घरातून मिळाले होते. तिचे आजोबा धोंडीबा बावड्यात राहत. साखर कारखान्यात ते तीस वर्षं फिटर होते. पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून कोणतं बेअरिंग जाणार ते आठ दिवस आधी सांगत. त्यांच्या बोलीत आवाज कधी घुमायचा, कधी कोंडायचा, कधी नाकात बोलायचा, कधी टोचायचा. सोनमने फळ्यावर त्या शब्दांपुढे हर्ट्झचे आकडे लिहिले होते. घुमणारा दोनशे, कोंडलेला चारशे, नाकातला हजार, टोचणारा तीन हजार.

तिने बटण दाबलं. गिरणी सुरू झाली.

"कोंडलाय," मागच्या बाकावरून अविराज म्हणाला. "तोंडावर घमेलं धरल्यागत."

"आकडा?"

"चारशे."

सोनमने कागदाचा कोपरा उचलून पाहिलं आणि होकाराची मान हलवली. वर्ग हसला. दाराशी संस्थेचे संचालक सर्जेराव उभे होते; ते हसले नाहीत. मुलं गेल्यावर ते आत आले.

"पुण्याचं तयार ॲप घ्यायचं चाललंय, मॅडम. सराव मोबाईलवर, मार्कपण तेच देतं. तुमचं हे घमेलं-बिमेलं अभ्यासक्रमात कसं दाखवायचं?"

"एक परीक्षा घेऊन दाखवते, सर. मुलं चुकली तर ॲप आणा."

"बघा हं. शनिवारी अभ्यासक्रम समिती येतीय, तिच्यासमोरच घ्या." जाता जाता ते थांबले. "आणि आजोबांना घेऊन या. तुमच्या घरात पूर्वी हलगी होती ना? जरा वाजवली तर कार्यक्रमाला उठाव येईल. हलगी मी मागवतो."

सोनम फळा पुसायला निघाली होती. तिने डस्टर खाली ठेवलं.

"आमच्या घरात आता कुणी हलगी वाजवत नाही, सर."

"अहो, कला आहे ती. त्यात कसला कमीपणा?"

"आबांना मी ऐकायला आणीन. वाजवायला नाही."

"आणा तर खरं," सर्जेराव हसले. "हलगी समोर आली की हात आपोआप उठतात."

सोनम त्या संध्याकाळी बावड्याला गेली. धोंडीबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. तिने सगळं सांगितलं.

छप्पन साली वस्तीने धम्म स्वीकारला, तेव्हा धोंडीबा दहा वर्षांचे होते. त्याआधी गावात कुणाचं लग्न असो की मयत, निरोप आला की त्यांचा बाप हलगी घेऊन निघायचा. जेवत असला तरी ताट सारून उठायचा. त्या वर्षापासून कुणाच्या निरोपाने तो ताटावरून उठला नाही.

"तुम्ही येऊ नका, आबा. मी बघते काय ते."

"का न्हाय यायचं?"

"ते हलगी पुढं ठेवतील."

"ठिवू दे की. चावती व्हय ती?" त्यांनी पाकळी ताटलीत टाकली. "सदऱ्याला इस्त्री कर."

शनिवारी समितीचे तिघे पुढच्या खुर्च्यांवर बसले. विजयमालाताई त्यांच्या अध्यक्ष. पडदा झाकलेला होता. सोनमने सहा आवाज लावले, मुलांनी कागदावर आधी शब्द लिहिले, मग आकडे. सुप्रियाचा एक चुकला, आणखी दोघांचे दोन-दोन. बाकी सगळं बरोबर होतं.

"पाठ करून घेतलं असेल," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

तेवढ्यात सर्जेरावांनी शिपायाच्या हातून हलगी घेतली आणि धोंडीबांसमोरच्या टेबलावर ठेवली. शेजारी जाड टिपरू आणि बारीक काडी.

"हा आपल्या मातीतला आवाज. धोंडीबा, होऊन जाऊ द्या!"

सोनम पुढे झाली. धोंडीबांनी तिला हातानेच थांबवलं आणि तो हात परत गुडघ्यावर ठेवला.

"सर्जेराव, आमच्या बानं हलगी वाजवायची सोडली. ऐकायची न्हाय सोडली. तुमी वाजवा, मी ऐकतो."

"मी?"

"हायेत की दोन हात."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सर्जेरावांनी समितीकडे पाहिलं.

"वाजवा की," विजयमालाताई म्हणाल्या. "माती तुमचीबी हाय न्हवं? आणि हे तर काही पाठ केलेलं नसंल."

सर्जेरावांनी हलगी उचलली. टिपरू कोणत्या हातात धरायचं ते त्यांना कळेना. दोनदा अदलाबदल झाली.

"कागद घ्या," सोनम म्हणाली. "डोळे मिटा."

सर्जेरावांनी चार-पाच ठोके मारले. पेनं काही चालली नाहीत. मुलं गोंधळली होती. फळ्यावरच्या यादीतला एकही शब्द बसत नव्हता.

"मॅडम," अविराज डोळे मिटूनच म्हणाला, "ह्यात वाढलेलं काहीच नाही. कायतरी गेलंय."

"काय गेलंय?"

"टोचणारं. वरचं सगळं."

"बोदा," धोंडीबा म्हणाले. "बोदा म्हणत्यात त्याला. कातडं ढिलं हाय. शेकली पायजे."

सोनमने फळ्यावर 'बोदा' लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'तीन हजार गायब'. आजवरच्या सगळ्या सरावात तिने काही ना काही वाढवलंच होतं. काढलं कधीच नव्हतं.

सर्जेरावांनी हलगी शिपायापुढे धरली. "जा, शेकून आण."

"त्याला कशाला?" धोंडीबा म्हणाले. "जो वाजवतो त्यानंच शेकायची असती. दुसऱ्याच्या हातानं शेकलेली बोलत न्हाय."

विजयमालाताई खुर्चीत टेकून बसल्या. सर्जेराव हलगी काखेत घेऊन बाहेर गेले. संस्थेच्या कुंपणापलीकडे ऊस नुकताच तुटला होता. वाळलेलं पाचट ओढून त्यांनी अंगणात छोटा जाळ केला आणि पँट सावरत उकिडवे बसले.

"डोळे उघडू नका," सोनम मुलांना म्हणाली. "पहिला आवाज कानात धरून ठेवा. दुसरा आला की फरक सांगायचाय. आकड्यासकट."

"एक कागद मलापण द्या," विजयमालाताई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

बाहेर कातडं चरचरलं. धोंडीबांनी बसल्या जागेवरून खिडकीकडे तोंड केलं.

"लांबनं धरा, सर्जेराव," ते म्हणाले. "सावकाश. आमाला घाई न्हाय."