अख्खी गाय

गाय पहाटे मेली आणि बाराच्या आत मातीआड झाली. ममताच्या लेखी यात वावगं काही नव्हतं. गुरांच्या सरकारी डॉक्टरांच्या लेखी हा गुन्हा होता.

नेरपासून आत असलेल्या या गावात गाय सरकारी ट्रकातून आली होती. त्या वर्षांत कापूस माणसांच्या जिवावर उठला होता, आणि त्यावर उपाय म्हणून राजधानीतून गाई निघाल्या होत्या. तरुण शेतकऱ्यांना जोडधंदा. पहिली गाय लगेच, दुसरी सहा महिन्यांनी, पहिली नीट सांभाळली तर. ममता बावीस वर्षांची. बाप वणीला कोळशाच्या ट्रकवर, घरी आई इंदूबाई आणि आजा डोमाजी. योजनेसाठी बापाने जमीन तिच्या नावावर करून दिली. दोन गाई उभ्या राहिल्या की डेअरीला दूध घालायचं आणि बापाला घरी बोलवायचं, एवढा सरळ बेत.

गाय निवडायची मुभा नव्हती. ट्रकातून उतरली ती आपली. काळी-पांढरी, उंच, थंड मुलखातली. तांड्यावरच्या खेमसिंगच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलेलं. त्याने गाईभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पोरी, ह्या गावडीले गोठा नाई, कूलर लागते."

डॉक्टरांनी त्याच दिवशी गाईच्या कानात पिवळा बिल्ला मारला. विमा उतरवलाय, काळजी नको, म्हणाले. इंदूबाईने पाण्याचा गडवा पुढे केला, तेव्हा "आत्ताच प्यायलो" म्हणाले, आणि पाटलाच्या ओसरीवर जाऊन मागून प्यायले. ममताने ते पाहिलं होतं. बोलली नव्हती, गाय दारात उभी होती.

वैशाखात गाय धापा टाकू लागली. ममताने ओली पोती तिच्या पाठीवर टाकली, रात्रभर वारा घातला. डॉक्टरांचा फोन बंद. दवाखान्यात निरोप ठेवला, तर साहेब मीटिंगला गेलेले. तिसऱ्या पहाटे गाईने मान टाकली. ऊन चढलं तसं पोट फुगायला लागलं, कुत्री कुंपणाशी जमली. मायलेकींनी आणि गल्लीतल्या चौघांनी परसात खोल खड्डा खणला आणि गाय अख्खी आत ठेवली.

अख्खी, कारण या गल्लीत तसंच करतात. धम्म घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात गल्लीने ठरवलं होतं की गावची मेलेली ढोरं ओढायची नाहीत, सोलायची नाहीत. गावाने चिडून एक मेलेला बैल गल्लीच्या तोंडाशी आणून टाकला, कामं बंद केली. वास सोसून गल्ली हलली नाही. शेवटी ज्याच्या त्याने आपलं ढोर पुरायला सुरुवात केली. डोमाजी तेव्हा पोरसवदा होता. बापाने सोलायची सुरी विहिरीत टाकली, तेव्हा तो काठावर उभा होता. तेव्हापासून आपल्या दारचं ढोर मेलं, तर त्याच्या कातडीला कुणी पातं लावायचं नाही.

डॉक्टर आले ते तीन वाजता, मोटारसायकलवर. पंच म्हणून गावातला उकंडा आणि खेमसिंग, दोघांना बोलावून घेतलं.

"गाय कुठाय?"

"पुरली जी."

"आणि कान?"

ममताला कळलं नाही. डॉक्टर वैतागले. "बिल्ला असलेला कान ऑफिसात जमा करावा लागतो. कान नाही तर विमा नाही."

"हे आधी काहून नाई सांगितलं साहेब?"

"सगळ्यांना माहीत असतं. जिल्हाभर हेच चाललंय, ढोर विकायचं आणि मेलं म्हणून रडायचं. कान नसेल तर मी 'जनावर विकले' असं लिहीन. मग दुसरी गाय विसर, पहिलीचीही वसुली लागेल."

गाय यांनी आणली, ऊन यांना माहीत नव्हतं, फोन यांनी बंद ठेवला, आणि चोर ममता.

"खड्डा उकर, कान काप, पिशवीत घालून उद्या ऑफिसला घेऊन ये," डॉक्टर म्हणाले. "माझा शिपाई रजेवर आहे."

"कापन कोन?"

डॉक्टरांना खरंच नवल वाटलं. "म्हणजे काय? तुमच्यात तर हातखंडा काम. रक्तातच असतं ते."

त्यांनी हे हिणवायला म्हटलं नव्हतं. आज ऊन फार आहे म्हणावं, तसं म्हटलं. म्हणून जास्त लागलं.

इंदूबाईने मान फिरवली. डोमाजी खाटेवरून उठला, परसात गेला आणि ताज्या मातीच्या ढिगावर मांडी घालून बसला.

"कापून टाक न बाप्पा," उकंडा म्हणाला. "एका कानासाठी कायले वाढवता?"

डोमाजीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ममता त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"आबा, उठा."

"तू कापशीन?"

"नाई."

"मंग कायले उकरतं?"

"हे मले चोर म्हनून राह्यले, आबा. मी गाय दाखवतो. हात नाई लावत."

म्हातारा नातीच्या खांद्याचा आधार घेऊन उठला.

ममताने फावडं घेतलं. खेमसिंगने दुसरं घेतलं. डॉक्टर नाकाला रुमाल लावून लिंबाच्या सावलीत उभे. माती निघाली तसा वास वर आला. गाईचं डोकं उघडं पडलं, तेव्हा ममताने तांब्याने वरूनच पाणी ओतलं. चिखल ओघळला, पिवळा बिल्ला दिसला.

"नंबर वाचा."

डॉक्टरांनी वाकून वाचला. "बरोबर आहे. काप आता."

"विकली नाई, हे दाखवाचं होतं, दाखवलं. कान तुमाले पायजे, तुमी घ्या."

"मी?"

"टोचला कोनं होता?"

"अगं, मी डॉक्टर आहे!"

"बरं झालं सांगतलं," खेमसिंग म्हणाला. "आमाले वाटलं, तुमचा शिपायीच डॉक्टर हाय."

कुंपणापलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांचा आवाज चढला. "लाभार्थीने सहकार्य केले नाही, असं लिहितो मी."

"लिवा," खेमसिंग म्हणाला. "खाली मी सही करतो. पन गाय होती, कान होता, बिल्ला होता, अन् साहेब खड्ड्यात उतरले नाई, हे बी लिवा. काहून उकंडाभाऊ?"

उकंडाने मान खाजवली. तो डॉक्टरांकडे पाहायचं टाळत म्हणाला, "तेवढं तं खरं हाय जी."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग पॅन्टचे पाय वर दुमडले, बॅगेतून पातं काढलं आणि खाली उतरले. एका फटक्यात कान सुटला नाही. वर आले तेव्हा बुटात चिखल होता आणि हातात काळी प्लास्टिकची पिशवी. ती त्यांनी सवयीने ममतापुढे धरली.

ममताने हात मागे बांधले.

थोडा वेळ पिशवी तशीच लोंबत राहिली. मग डॉक्टरांनी ती गाडीच्या हँडलला अडकवली. माश्या मागोमाग आल्या.

डोमाजी तांब्या घेऊन पुढे आला. डॉक्टरांनी ओंजळ केली, म्हाताऱ्याने बारीक धार धरली. हात निघाले, मनगटं निघाली. उन्हाने डॉक्टरांचे ओठ पांढरे पडले होते. तांब्यात अजून पाणी होतं.

"पेता का?" डोमाजीने विचारलं.

"नको, आत्ताच..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले.

"हाव," डोमाजी म्हणाला. "धुवाले चालते." आणि उरलेलं पाणी त्याने लिंबाच्या बुडाशी ओतलं.

पंचनामा झाला. सह्या झाल्या. डॉक्टरांनी गाडीला किक मारली. ममता समोर उभी राहिली, अगदी चाकापुढे.

"दुसरी गाय मी निवडन. ह्या मुलखातली."

"बघू."

"अन् लिवलं ते वाचून दाखवा."

"अगं, झालं ते सगळं..."

"वाचा जी."

डॉक्टरांनी गाडी बंद केली. कागद काढला, कोरड्या घशाने वाचला. जनावर उष्णतेने मृत. समक्ष पाहिले. कान बिल्ल्यासह कापून ताब्यात घेतला.

"कोनं कापला, ते राह्यलं," ममता म्हणाली.

माश्या पिशवीभोवती घोंगावत होत्या. खेमसिंग कुंपणाला टेकला होता, उकंडा जायला निघालेला थबकला होता. डोमाजी खड्ड्याच्या कडेला फावडं धरून उभा होता. माती लोटायला तो थांबला होता.

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.