बर्फाच्या डब्यातल्या बाटल्या

मित्रांनो, मी एक जुना बर्फाचा डबा आहे. रंग निळा, कड्या दोन, त्यातली एक तुटकी. इतवारीतल्या दुकानातून देवरावभाऊंनी मला धंतोलीच्या लॅबमध्ये आणलं, तिथपासूनचं मला आठवतं. त्यांच्या स्कूटरवर बसून मी रुग्णालयांतून रक्ताच्या नळ्या आणतो.

माझं कौतुक झालं ते मात्र पाण्यामुळे. मे महिन्यात लॅबमधला जो तो म्हणे, "देवरावभाऊ, माहीबी बाटली ठेवा त्याच्यात." तपासणी करणाऱ्या सरिताताई म्हणाल्या, "फ्रिजपेक्षा थंडं रायते याच्यातलं." तेव्हा मी फुगलो होतो. आता त्याची लाज वाटते.

त्या शनिवारी माझ्यात बर्फ थोडा आणि बाटल्या चार होत्या. एकीच्या मानेमुळे झाकण नीट बसेना. रुग्णालयात नर्सबाईंनी आठ वर्षांच्या वेदिकाची नळी दिली. तिला रक्ताचा कर्करोग होता. उपचार सुरू झाल्यावर रक्तात युरिक ॲसिड वाढलं होतं आणि मूत्रपिंडं बंद पडायची भीती होती, म्हणून ते नाहीसं करणारं औषध चालू होतं. "बर्फातच न्या," असं नर्सबाईंनी बजावलं. नळी कोमट झाली, की ते औषध नळीतही काम करत राहतं आणि आकडा खोटाच कमी येतो.

भर दुपारी सिग्नलवर माझा उरलासुरला बर्फ वितळला. नळी कोमट झाली. मला सगळं कळत होतं आणि काहीच करता येत नव्हतं.

युरिक ॲसिडचा आकडा आला दोन. वेदिकाची आई रिपोर्ट न्यायला आली होती.

"कमी झालं नं वं ताई?"

"हो, एकदम कमी."

त्या माउलीनं तिथेच डोळ्यांना पदर लावला. त्या आकड्यावर विसंबून संध्याकाळचं औषध थांबवलं गेलं.

रविवारच्या सुटीमुळे लॅबमध्ये सरिताताई आणि देवरावभाऊ दोघंच होते, त्यामुळे माझ्यात बाटल्या नव्हत्या. वेदिकाची दुसरी नळी बर्फात नीट आली. आकडा निघाला चौदा.

"काल दोन अन् आज चौदा? काहून, भाऊ?"

देवरावभाऊंनी माझं झाकण उघडून आत पाहिलं. "काल बरफ नव्हता उरला, ताई. बाटल्या होत्या."

सरिताताईंनी लगेच रुग्णालयाला फोन लावला.

तेव्हापासून माझ्यात कुणी बाटली ठेवत नाही. वेदिकाची नळीही पुन्हा आली नाही. ती बरी होऊन घरी गेली की काय झालं, हे मला कुणी सांगत नाही आणि मला विचारता येत नाही. मित्रांनो, असा डबा कुठे दिसला तर त्यात आपलं पाणी ठेवू नका, त्याचं झाकण घट्ट लावा. माझ्याच्यानं ते होत नाही. मी एवढंच करतो, नळी आत आली की आधी तिच्यावरचं नाव बघतो.