पांढऱ्या रंगाखालची लाल फुली

मी एक जुनी बोट आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे हं! खोल समुद्रात जाऊन हौसेनं मोठमोठे मासे पकडणाऱ्यांची, फायबरची, चौदा मीटर लांबीची बोट. आता माझ्या नाकाचा रंग उडाला आहे, काचांवर ओरखडे आहेत आणि पोटात उजव्या बाजूला दाराएवढं एक ठिगळ आहे. ते पाहून लोक माझ्या कप्तानाला विचारतात, "खडकावर आपटली होती का हो?" छे! खडकानं मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. मला फाडलं ते एका डब्यातल्या पांढऱ्या रंगानं. कसं, ते सांगते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोकांना वाटतं, साच्यात प्लास्टिक ओतलं की झाली बोट तयार. ओतायला मी काय बादली आहे? काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं, ते राळेत भिजवायचं, आणि रोलर फिरवून फिरवून आतला हवेचा बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढायचा. मग दुसरा थर, मग तिसरा. त्यावर बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाचे ठोकळे, आणि त्यांच्यावर पुन्हा कापड. बाहेर एक कातडी, आत एक कातडी, मध्ये लाकूड. ही तिघं एकमेकांना घट्ट धरून आहेत तोवर मी कुठल्याही लाटेला भीक घालत नाही. पण एकदा का त्यांची फाटाफूट झाली, की कुणाचा कुणाला आधार राहत नाही.

हे सगळं काम एक बाई करून घ्यायची. शेडमध्ये लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत, पण खरी मावशी ती एकाचीच होती. बहीण गेल्यावर तिच्या मुलाला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं, आणि तोच पुढे माझा कप्तान झाला. मावशी जिभेची तिखट. कुणी काम अर्धवट टाकून गप्पा मारायला लागलं की ती ओरडायची, "अरे, राळ कुणासाठी थांबत नाही! वाळली की मग बसा कपाळाला हात लावून!" दुपारी जेवण झालं की ती आपला स्टीलचा चमचा धुवायची आणि त्याच्या पाठीनं माझं सगळं अंग वाजवत फिरायची. टण्, टण्, टण्. कुठं 'थप्' असा मेलेला आवाज आला, की तेवढा भाग खरवडून पुन्हा करायला लावायची. पोरं हसायची, "मावशी बोटीला भरवतेय बघ!" मला मात्र ते वाजवून घेणं फार आवडायचं. माझ्याशी इतकं लक्ष देऊन पुढे कुणी बोललं नाही.

त्या शेडचा एक नियम होता. बोटीच्या तळाला पुढेमागे भोकं पाडावीच लागतात. पाण्याचा पाइप येतो, एखादं यंत्र बसतं. लाकडातून भोक गेलं तर कडेनं पाणी आत झिरपतं आणि लाकूड कुजतं. म्हणून मावशी काही ठरलेल्या जागी लाकूड घालतच नसे. तिथं नुसतं कापडावर कापड चढवून तळ भरीव करायची आणि आतून त्यावर तेलरंगानं लाल फुली मारायची. भोक पाडायचं तर फुलीवर, बाकी कुठंही नाही. हे शेडमधल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

मी भाच्याच्या ताब्यात गेले तेव्हा तो आनंदानं नुसता वेडा झाला होता. पहिल्या सफरीच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्या जमिनीच्या फळ्या उचलल्या, आणि आतलं ओबडधोबड, डागाळलेलं पोट पाहून त्याला कसंसंच झालं. गिऱ्हाइकानं फळी उचलली तर आत सगळं लखलखीत दिसायला हवं, असं त्याच्या मनानं घेतलं. झालं! पांढऱ्या रंगाचा डबा आला, ब्रश आला. लाल फुलीशी येऊन तो थबकला. बायको वरून म्हणाली, "अहो, ती खूण राहू द्या की." तर हा म्हणतो, "माझ्या लक्षात राहील गं! मी त्या शेडमध्येच वाढलोय!"

आणि त्यानं फुलीवरून ब्रश फिरवला. मित्रांनो, त्या दिवशी मी दिसायला फार सुंदर झाले होते, हे मात्र कबूल करते.

पुढची वर्षं कौतुकात गेली. माणसाहून लांब मासे माझ्या मागच्या डेकवर आले. फोटो निघाले. फोटो माशाचा, फोटो माणसाचा. बोटीच्या तळाचा फोटो कधी कुणी काढला आहे का? पण माझी तक्रार नव्हती. भाचा रोज सकाळी मावशीसारखाच चमच्यानं मला वाजवून बघायचा, आणि मी टणटणीत उत्तर द्यायची.

मग एकदा पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र बसवायचं ठरलं. त्याचा डोळा तळातून खाली पाण्यात काढावा लागतो. फिटर ड्रिल घेऊन माझ्या पोटात उतरला आणि म्हणाला, "कुठं पाडू?" भाच्यानं पांढऱ्याशुभ्र तळावर नजर फिरवली. सगळीकडे सारखंच पांढरं. क्षणभर विचार करून त्यानं बोट टेकवलं. "हे इथं."

वीतभर चुकला.

ड्रिल फिरलं. आधी पांढरी भुकटी आली, आणि मग पिवळसर भुसा. फिटर थांबला. "साहेब, लाकूड येतंय हो."

भाच्यानं तो भुसा चिमटीत धरून पाहिला. त्याला सगळं कळलं होतं, मित्रांनो. शेडमध्ये वाढलेला होता ना! ते भोक बुजवायला, कडेचं लाकूड कोरून राळ भरायला चार दिवस लागले असते, आणि उद्या सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. "असू दे," तो म्हणाला, "चिकट पेस्ट भरपूर लाव. हंगाम संपला की बघू." आणि मग हळूच, "मावशीच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

हंगाम संपला. दुसरा आला, तिसरा आला. पेस्टला केसाएवढी भेग पडली. प्रत्येक सफरीत पाण्याचे दोन थेंब आत येत, आणि माझं लाकूड ते पीत राही. काळं पडलं, मऊ झालं, आणि बाहेरची कातडी हळूहळू सुटत चालली. भाच्यानं चमचा वाजवला की मी तिथं 'थप्' म्हणायची. ओरडून सांगायला मला दुसरी वाचा कुठली? एक दिवस त्यानं तो आवाज ऐकला. दुसऱ्या दिवसापासून तो त्या जागेला वळसा घालून वाजवू लागला. मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू!

मग मावशी कामावरून निवृत्त झाली. चाळीस वर्षं बोटी बांधल्या, पण एकाही बोटीतून ती समुद्रात गेली नव्हती. शेडमधल्या यंत्रांनी तिचे कान बरेच मंद झाले होते. भाचा हट्टालाच पेटला. "मावशी, तुला किनारा दिसेनासा होईल इतकी लांब नेणार!" एका स्वच्छ सकाळी तो, त्याची बायको आणि मावशी असे तिघंच निघाले. मावशीनं चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी डेकवर उभी राहिली. माझ्या इंजिनाची थरथर तिच्या तळव्यांतून वर चढत होती. "बरी झालीये की गं तू," ती मला म्हणाली. मला, बरं का!

दुपारी वारा फिरला. किनारा कुठंच दिसत नव्हता. भाच्यानं घाईनं नाक वळवलं आणि वेग वाढवला. लाटा समोरून यायला लागल्या. मी एकेका लाटेवर चढायची आणि पलीकडे धाडकन आपटायची. एरवी मला अशा आपटण्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी दर आपटीला उजव्या बाजूची सुटलेली कातडी फडफडत होती, आणि तिची भेग लांबत होती.

मावशी एकदम वळली. "तळ वाजतोय हिचा, पायांना कळतंय मला," ती म्हणाली. "उजवा."

"लाटा आहेत गं, मावशी," भाचा म्हणाला. माझ्या सुकाणूचं चक्र धरून तो समोरच बघत राहिला.

पुढच्या आपटीला माझ्या बाहेरच्या कातडीचा मोठा तुकडा फाटून गेला. यंत्राचा डोळा हलला, आणि त्याच्या कडेनं पाणी आत उसळलं. पंपाचा लाल दिवा लागला तो विझेचना. भाच्यानं वायरलेसवर मदत मागितली. सर्वात जवळची बोट दोन तासांवर होती. बायकोनं तिघांनाही जॅकेटं चढवली आणि मावशीबरोबर फळ्या उचलायला लागली. खाली घोटाभर पाणी हिंदकळत होतं. त्या तेलकट, काळ्या पाण्याखाली तळच दिसत नव्हता, मग ते कुठून येतंय ते कसं दिसणार?

"इंजिनापासून मागच्या पंख्याला जाणारा दांडा बघ!" मावशी ओरडली. दांडा ठीक होता. "पाइप बघ!" पाइपही ठीक. भाचेसून म्हणाली, "मावशी, त्या मासे दाखवणाऱ्या यंत्रापाशी बघू का?"

"ती जागा सोड! तिथं माझी फुली आहे, ती भरीव आहे. बाकीचं शोध!"

मित्रांनो, ही ती वेळ. पाणी मिनिटामिनिटाला चढत होतं, आणि माझी आतली एकटी कातडी प्रत्येक लाटेला आत दबून मागे येत होती. तिलाही आता बारीक चिरा पडायला लागल्या होत्या. त्या दोघी सगळीकडे शोधत होत्या, फक्त तिथं नाही. कुठं शोधायचं ते एकालाच माहीत होतं, आणि तो वर चक्र धरून गप्प उभा होता. बोल रे, बोल! मी माझ्या सगळ्या बरगड्यांनिशी करकरत होते. मला माणसासारखी जीभ असती तर तेव्हा मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या.

"मावशी," तो म्हणाला, "फुलीपाशीच बघ." पण इतक्या हळू, की ते त्याचं त्यालाच ऐकू गेलं असेल.

"काय?" मावशीनं कानामागे हात धरला. इंजिनाची घरघर, वाऱ्याचा घोंगाट. "मोठ्यानं बोल!"

जी गोष्ट त्याला कधी पुटपुटायचीसुद्धा हिंमत झाली नव्हती, ती आता गळा फाडून सांगायची होती. "फुली नाहीये मावशी! मी पुसली! रंगवली!" त्याचा आवाज फाटला. "भोक वीतभर बाजूला पडलंय! लाकडात!"

मावशीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "लाकूड आलेलं दिसलं होतं तुला?"

"दिसलं होतं!"

"कधी?"

"चार वर्षं झाली!"

तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. मारलं असतं तर त्याला कमी लागलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "वेग कमी कर. लाटा डाव्या अंगावर घे, उजवी आपटू देऊ नकोस. बाकीचं किनाऱ्यावर."

मग त्या दोघींनी बाकावरची गादी दुमडून त्या जागेवर दाबली, त्यावर माशांच्या पेटीचं झाकण ठेवलं. टेकवायला वासा नव्हता. भाचेसून सरळ पाण्यात बसली, इंजिनाच्या पेटीला पाठ लावली आणि दोन्ही पायांनी झाकण रेटून धरलं. तिचे पाय थरथरायला लागले की मावशी बसायची. सहासष्ट वर्षांची बाई, कमरेपर्यंत पाण्यात! "मी घातलेत इथं कापडाचे थर," ती दात आवळून म्हणत होती. "आतली कातडी फाटायची नाही. बघतेच कशी फाटते ते!" आणि मी, मित्रांनो, तिच्या टाचांखाली ती कातडी जिवाच्या आकांतानं धरून ठेवली. मला भीती वाटत होती, ती माझी नाही, त्या तिघांची. वाटेत मदतीची बोट भेटली आणि शेजारून चालू लागली. धक्क्याचा दिवा दिसला तेव्हा मावशीचे पाय सरळ होईनात. भाच्यानं तिला उचलून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी मला क्रेननं उचलून शेडमध्ये नेलं. मावशीनं भाच्याच्या हातात कटर दिला. "काप." त्यानं कापलं. आत लाकूड कसलं, काळा चिखल होता. सुकं लाकूड लागेपर्यंत तो खरवडत राहिला, आणि पेटीच्या झाकणाएवढी जागा दाराएवढी झाली. तो रडत होता. मावशी त्याच्याशेजारी उकिडवी बसून थरामागून थर त्याच्याकडून चढवून घेत होती. बोलत होती ती फक्त राळेबद्दल. काम संपलं तेव्हा तिनं लाल रंगाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "मार फुली. या वेळी तुझ्या हातानं."

आज माझ्या पांढऱ्या पोटात ती लाल फुली ठसठशीत दिसते. गिऱ्हाईक फळी उचलून विचारतं, "हा डाग कसला?" भाचा सांगतो, "ती माझी चूक आहे," आणि सगळी गोष्ट सांगतो, भुशापासून.

मित्रांनो, एखादी खूण ओबडधोबड दिसते म्हणून तिच्यावरून ब्रश फिरवू नका. ती कुणी आणि कशासाठी काढली, ते आधी विचारा. आणि चूक झालीच, तर ती भुशाएवढी असतानाच सांगून टाका. माझ्यासारख्या मुक्या जिवांना अधूनमधून वाजवूनही बघा. आम्ही खोटं बोलत नाही.

मावशीला आता अजिबात ऐकू येत नाही. पण कधी तरी सकाळी ती धक्क्यावर येते, माझ्या पोटात उतरते आणि ठिगळावर तळहात टेकून बसते. भाचा शेजारी चमचा वाजवतो. टण्, टण्, टण्. मग तो तिच्या तोंडाकडे बघत थांबतो. तिनं मान हलवल्याशिवाय तो माझा दोर सोडत नाही.