सतरा अडथळे

जानेवारीत अण्णा पार्कमध्ये पडले. तळहात सोलवटला, चष्म्याची दांडी वाकली, बाकी काही नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, हयवदनराव. वय एक्क्याऐंशी. आई गेल्यापासून आम्ही दोघंच घरात, आणि दिवसातली एकच गोष्ट ते कुणाच्या मदतीशिवाय करत: सकाळी सहाला समोरच्या पार्कमध्ये पाऊण तास फिरणं. मी बरोबर येते म्हटलं की म्हणायचे, "मला धरून फिरवायला मी देवळातली पालखी आहे का?"

ते पडले ती जागा मी जाऊन पाहिली आणि मला त्या वाटेचा राग आला. हे पार्क माझ्याच वयाचं आहे, बावन्न वर्षांचं. दगडी फरशांची गोल वाट, कडेला करंजाची झाडं, एका कोपऱ्यात नळ. मुळांनी काही फरशा उचलल्या होत्या, काही खचल्या होत्या. अण्णांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली होती. ती दाराच्या मागे टांगलेली असे. पण पेपर ते रोज वाचत, मथळ्यापासून छापखान्याच्या नावापर्यंत, त्यामुळे त्यांना बऱ्यापैकी दिसतं असं मी धरून चालले होते.

त्याच महिन्यात पालिकेचं पत्रक आलं. परिसरात नव्या क्रीडा आणि विरंगुळ्याच्या सोयी करायच्या आहेत, रहिवाशांनी सूचना द्याव्यात. बहुतेकांनी बॅडमिंटन कोर्ट मागितलं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मोजल्याशिवाय सूचना करणं मला जमत नाही. एका रविवारी दुपारी स्टीलची टेप आणि गवंड्याची पाणसळ घेऊन मी वाटेची प्रत्येक फरशी तपासली. पाय अडखळेल अशा सतरा जागा निघाल्या. त्यांचा तक्ता केला: क्रमांक, जागा, उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये, शेजारी फोटो.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "राहू दे गं. वाट चांगली आहे."

"चांगली असती तर पडला असतात का?"

यावर ते काही तरी बोलणार होते असं आता वाटतं. तेव्हा ते फक्त म्हणाले, "सरी, बरं. तुला लिहायचं तर लिही."

एप्रिलमध्ये वॉर्ड ऑफिसमधून फोन आला. संतोषकुमार नावाचे तरुण इंजिनिअर होते, कन्नडात बोलत होते, आवाजात उत्साह होता. "मॅडम, चारशे सूचना आल्या. मापं दिली ती फक्त तुम्ही. आमचे साहेब विचारत होते, ह्या आपल्याच खात्यातल्या का?" मग त्यांनी सांगितलं, की माझा तक्ता जसाच्या तसा प्रस्तावाला जोडला आहे, त्याच्याच आधारावर संपूर्ण दगडी वाट काढून रबराचा ट्रॅक मंजूर झाला आहे, शिवाय व्यायामाची यंत्रं आणि बॅडमिंटन कोर्ट.

मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं. संध्याकाळी कॉफी घेताना मी अण्णांना तक्ता वाचून दाखवला.

"क्रमांक एक, फाटकापासून एकोणीस मीटरवर, उजवीकडची फरशी..."

"खचलेली," अण्णा म्हणाले. "डावा पाय नेहमी वर राहतो तिथे."

"क्रमांक दोन..."

"चेंबरचं झाकण. लोखंडी. त्यानंतर सहा पावलांवर हलणारी फरशी. ती टक् असं वाजते. ती वाजली की नरसिंहरावाचा बाक आला. मग मी डावीकडे तोंड करून नमस्कार म्हणतो."

मी कागद खाली ठेवला. त्यांनी बाकीच्या चौदा जागा क्रमाने सांगितल्या. करंजाचं मूळ, तिथून वळण. वाळू साचलेला खड्डा, तिथे उन्हाळ्यात कुत्री झोपतात म्हणून जरा बाहेरून जायचं. शेवटी फाटकाखालची लोखंडी पट्टी, म्हणजे फेरी पुरी. एकही चुकली नाही. अण्णांनी चौतीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात काढली. चाकांचे दाते बोटाने तपासून माल नाकारणं हे त्यांचं काम होतं.

"अण्णा, तुम्हाला खालचं दिसत नाही?"

"समोर धरलं की दिसतं. पेपर दिसतो. पाय नाही दिसत माझे. दोन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू एकट्याला सोडलं असतंस?"

डोळ्यांचा रिपोर्ट माझ्याच कपाटात होता. दृष्टीचं क्षेत्र दहा अंश, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. त्या रात्रीआधी मी ते गणित करून पाहिलं नव्हतं. दहा अंश म्हणजे दोन मीटरवर पस्तीस सेंटिमीटरचं वर्तुळ. ताटाएवढं. तेवढ्यातूनच ते जग बघत होते.

"आणि जानेवारीत पडलात ते?"

"नळाच्या अलीकडची एक फरशी होती, फार डुगडुगायची. माळ्याने त्या आठवड्यात ती नीट बसवली. पायाला लागलीच नाही, म्हणून मला वाटलं नळ अजून पुढे आहे. सरळ त्याच्या कट्ट्यावर गेलो. ती तुझ्या यादीत नाही."

नव्हती. ती मी मोजली होती. फरक शून्य आला, म्हणून यादीत घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वॉर्ड ऑफिसमध्ये गेले. संतोषकुमार उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावरच्या फाइलमध्ये माझा तक्ता होता, आता त्यावर चार सह्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"माझी आजीही अशीच होती, मॅडम. मला समजतं. पण आता काय करू सांगा."

"वाट गुळगुळीत करा. फक्त ठरावीक अंतरावर उठावाच्या पट्ट्या ठेवा. मेट्रो स्टेशनात अंध लोकांसाठी पिवळ्या टाइल्स असतात, तशा."

"फार छान कल्पना. पुढच्या टप्प्यात घेऊ."

"पुढचा टप्पा कधी आहे?"

"पुढचा टप्पा," ते म्हणाले आणि स्वतःच ओशाळून हसले, "अजून नाही."

"मग ह्याच टप्प्यात बदल करता येत नाही?"

"मंजूर आराखडा बदलायचा तर फाइल पहिल्यापासून फिरते. आणि कारण लिहावं लागतं. मी काय लिहू? अडथळे काढा म्हणणाऱ्या रहिवाशांचंच म्हणणं आहे की अडथळे ठेवा? दोन्हींवर सही तीच?" त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. ते खरंच विचारत होते. "वडिलांसाठी एक चांगला बाक देतो. सावलीत. एवढं माझ्या हातात आहे."

"त्यांना बाक नको आहे."

"सगळ्यांना हवा असतो, मॅडम," ते म्हणाले.

मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींची पोच मिळाली, क्रमांकासकट. तिसऱ्याला उत्तरही आलं: आपल्या मूळ सूचनेनुसार काम लवकरच सुरू होत आहे, सहकार्याबद्दल आभार.

मे महिन्यात पार्कभोवती पत्र्याचं कुंपण लागलं. फरशा उचलायला दोनच दिवस लागले. अण्णा बाल्कनीत खुर्ची टाकून आवाज ऐकत बसत.

"करंज ठेवलाय ना?"

"ठेवलाय. मूळ कापलंय."

"हं."

नऊ महिने ते घरातल्या घरात फिरले. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अकरा पावलं, मग वळायचं. पावसाळ्यात त्यांनी तेही कमी केलं. नरसिंहराव, त्यांचे कारखान्यापासूनचे मित्र, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. ते सुरुवातीला आठवड्यातून एकदा यायचे, पण त्यांना आमचा जिना चढवेना. फोनवर दोघांचं भांडण चाले. कशावरून, ते मला कधी कळलं नाही.

फेब्रुवारीत पार्क उघडलं. फुगे होते, सनई होती. संतोषकुमारांनी मला पुढे बोलावून साहेबांच्या हातून एक झाडाची कुंडी दिली. ट्रॅक खरोखर चांगला झाला होता. विटकरी रंगाचा, पायाखाली किंचित दबणारा, पाणी न साठणारा. मी नंतर पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा कुठेच हलला नाही.

मी अण्णांसाठी हिशेब केला होता. ट्रॅक दोनशे चाळीस मीटर, त्यांचं पाऊल बावन्न सेंटिमीटर, म्हणजे फेरी चारशे बासष्ट पावलांची. बाक एकशे तिसाव्या पावलावर. पहिलं वळण दोनशे दहावर. त्यांनी सगळे आकडे पाठ केले. पहिले दोन दिवस मी मागे चार पावलं ठेवून चालले. पट्टे नाहीत, सांधे नाहीत. त्यांच्या ताटाएवढ्या वर्तुळात फक्त विटकरी रंग येत होता, कुठेही बघितलं तरी तोच. ओठ हलत होते. मोजत होते.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज तू फाटकापाशी थांब."

मी थांबले. ते सावकाश निघाले. एकशे तिसाव्या पावलाच्या जरा अलीकडे नव्या बाकावर नरसिंहराव बसलेले होते.

"काय रे हयवदना!"

अण्णांनी नुसता हात वर केला आणि पुढे चालू लागले.

"एनप्पा, काय रे बाबा, मंत्री झालास? हात दाखवून जातोस?" नरसिंहरावांनी मोठ्याने विचारलं. आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. "का जप चाललाय? किती महिने भेट नाही, आणि दोन शब्द बोलायला जड?"

अण्णा थांबले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मग ते वळले, आवाजाच्या दिशेने.

"जप नाही रे. पावलं मोजतोय."

"पावलं? डॉक्टरने सांगितली का? माझी सून ते घड्याळ देते हाताला, ते मोजतं. आपण बोलत चालायचं. चल, मी येतो."

नरसिंहराव उठायला लागले, पण गुडघा धरून परत बसले. "तू जा. पुढच्या फेरीला थांब मात्र."

"थांबतो," अण्णा म्हणाले. त्यांनी परत वळून चालायला सुरुवात केली. पंधरा-वीस पावलं गेले आणि त्यांचा वेग कमी झाला. मग ते थांबलेच. उजवा पाय पुढे करून त्यांनी जमीन चाचपली, मग डावा. व्यायामाच्या यंत्रांवरून दोन मुली उतरून त्यांच्या शेजारून धावत गेल्या. एक माणूस फोनवर बोलत त्यांना वळसा घालून गेला. अण्णा आता हळूहळू जागच्या जागी फिरत होते, मान खाली घालून, ताटाएवढ्या वर्तुळात काही सापडतंय का बघत. माझ्यापासून सत्तर मीटरवर असतील. मी पोचेपर्यंत त्यांचं तोंड पार उलट्या दिशेला झालं होतं.

"अण्णा."

"आकडा गेला," ते म्हणाले. "एकशे चाळीसच्या पुढे होतो. संहिता, मी कुठे आहे?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. नरसिंहरावांच्या बाकासमोरून आम्ही परत गेलो. फाटकापाशी त्यांचा बूट खालच्या लोखंडी पट्टीवर घासला, ती जुनीच होती, ट्रॅकच्या कामात फाटक आलं नव्हतं. त्यांनी ताबडतोब माझा हात सोडला. शर्ट खाली ओढून नीट केला.

"इथून मी येतो," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून, आमच्या इमारतीच्या दोन पायऱ्या चढून आत गेले.

नंतरचे दिवस असे ठरले: मी साडेसहाला त्यांना घेऊन जायचे, एक फेरी, हात धरून. मला साडेसातला बस पकडावी लागते, म्हणून एकच. नरसिंहरावांशी बोलायला तीन-चार मिनिटं. पट्टी आली की हात सोडायचा. तेवढी चाळीस पावलं ते माझ्यापुढे चालत आणि मी मुद्दाम मागे राहत असे.

मार्चमध्ये संतोषकुमारांचा फोन आला. "मॅडम, काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र करतोय. तुमचा तक्ता समोर आहे. सोळा झाले, एक राहिला. फाटकाची पट्टी, अठरा मिलिमीटर."

"ती राहू द्या."

"छे छे, मॅडम. आराखड्यात नाही, तरी मी करून घेतो. माझ्याकडून."

"साहेब, खरंच नको. वडिलांना ती लागते."

"लागते म्हणूनच," ते म्हणाले. "गुरुवारी माणसं पाठवतो."

मी परत सांगितलं, सगळं पहिल्यापासून. बोलून झाल्यावर लक्षात आलं की पलीकडे कुणी तरी त्यांच्याकडे सही मागत होतं आणि ते "हूं, हूं" म्हणत होते. बुधवारी ऑफिसमध्ये गेले तर ते साइटवर होते. मी चिठ्ठी ठेवली. गुरुवारी मला दोन वर्गांची परीक्षा होती, रजा मिळण्यासारखी नव्हती. संध्याकाळी परत आले तेव्हा पट्टीच्या जागी सिमेंटचा उतार होता, अजून ओला, भोवती चार विटा आणि लाल दोरी. उतार फारच सफाईने केलेला होता.

शुक्रवारी सकाळी आमची फेरी झाली. शेवटच्या वळणानंतर अण्णा पाय जरा घासत चालू लागले. फाटक मागे पडलं. आम्ही फुटपाथवर आलो, रस्त्याच्या कडेला आलो, एक रिक्षा हॉर्न वाजवून गेली. माझा हात त्यांनी धरलेलाच होता.

"फाटक आलं की सांग," ते म्हणाले.